कुलूप तिथं दार

१

बरणी नंबर एकवीसमध्ये काय आहे, हे सोमवारी सकाळी कुणालाच सांगता येईना.

बी आहे, एवढं दिसत होतं. जांभळ्या टिपक्यांचं, घेवड्याच्या जातीतलं काहीतरी. पण दिलं कुणी, कुठल्या मातीतलं, पाणी किती पितं, कीड खाते की नाही, याचं अवाक्षर कुठं नाही. एकटी एकवीस नंबरची असती तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण बीजसंग्रहाच्या थंड खोलीत चोवीसशे बरण्या होत्या आणि त्यातल्या बाराशे अशा मुक्या निघाल्या होत्या.

"बाराशे म्हणजे अंदाजे?" भंगारताईंनी विचारलं.

"बरोब्बर बाराशे," संचालक म्हणाले. "एक कमी नाही की एक जास्त नाही."

ताईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. बरोबर अर्धं, असं कुणी म्हटलं की त्यांना संशय यायचा. दोन भावांत केळं वाटलं तरी एक तुकडा मोठा निघतोच.

भंगारताई हे नाव गल्लीनं चेष्टेनं ठेवलेलं. ताईंनी ते सरळ दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं, तेव्हा चेष्टा करणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. जुने संगणक, जुने ड्राइव्ह, कुणाला नकोशा झालेल्या टेपा, सगळं त्यांच्या फळ्यांवर पुसूनपासून मांडलेलं असायचं. कुणाच्या वडिलांची पत्रं, कुणाच्या कारखान्याचे आराखडे त्यांनी असल्या 'मेलेल्या' तबकड्यांतून बाहेर काढून दिले होते. एकच गोष्ट त्यांना खपत नसे. नीट न बघता कुणी 'गेलं' म्हटलं की त्यांचं टाळकं सरकायचं.

संचालकांनी हकीकत सांगितली ती अशी. चाळीस वर्षांपूर्वी संस्थेच्या लोकांनी गावोगाव फिरून बियाणं जमवलं, देणाऱ्यांची माहिती कागदांवर लिहून घेतली. ती सगळी संगणकावर चढवली एका माणसानं. सगळी संस्था त्यांना नाना म्हणायची. साठ फ्लॉप्या झाल्या, त्या जुन्या, मोठ्या, वाकणाऱ्या चौकोनी फ्लॉप्या. पुढं कागदांना वाळवी लागली. 'सर्व नोंदी तपासून उतरवल्या आहेत' अशी सही नानांनी केली, तेव्हा कागद टाकून देण्यात आले. आता, इतक्या वर्षांनी, फ्लॉप्या वाचून घ्यायला एका कंपनीचा टायवाला तंत्रज्ञ आला. प्रत्येक फ्लॉपीच्या चिठ्ठीवर चाळीस बरण्यांचे नंबर, आणि प्रत्येक फ्लॉपीत निघाल्या वीसच नोंदी.

"पहिलीवर लिहिलंय एक ते चाळीस. निघाल्या एक ते वीस. दुसरीवर एक्केचाळीस ते ऐंशी, निघाल्या साठपर्यंत. साठही फ्लॉप्यांचं हेच," संचालक म्हणाले. "गुरुवारी अकराला बैठक आहे. नवी थंड खोली लहान आहे, तेव्हा ज्यांची नोंद नाही त्या बरण्या बाहेर जातील. आणि अहवालात लिहावं लागेल की नानांनी अर्धंच काम केलं आणि सही खोटी केली. बाहेर त्यांचा फोटो आहे, तोही उतरवावा लागेल."

त्या फोटोखालीच एक बाई स्टुलावर बसून बरण्यांच्या गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठ्या बांधत होती. छापील चिठ्ठ्या, 'नोंद नाही'. ताई निघाल्या तशी ती उठून मागोमाग आली आणि तिनं दाराशीच त्यांचा हात धरला.

"ताई, मी नानांची लेक. तुम्ही कुणालाही विचारा, काहीही विचारा. पण माझ्या नानांना एक शब्द विचारू नका."

२

ज्याच्यावर आळ, त्यालाच विचारायचं नाही! ताईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी लेकीला समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं.

"त्यांचं हृदय अर्धंच चालतंय, ताई. डॉक्टरांनी बजावलंय, ताण नको. घरी मी सांगितलंय की नोंदी मस्त निघताहेत. रोज संध्याकाळी विचारतात, किती झालं? मी म्हणते, चाललंय नाना, छान चाललंय." तिनं कप खाली ठेवला. "इथं दिवसभर त्यांच्याच फोटोखाली बसून चिठ्ठ्या बांधते, आणि घरी जाऊन खोटं बोलते."

"आणि तुला स्वतःला काय वाटतं?"

लेकीनं कपातल्या चहाकडं बघितलं. "आधी वाटलं, शक्यच नाही. आता... लहानपणी ते कधी कधी दुपारीच घरी यायचे, आम्हाला फिरायला न्यायचे. काल रात्रभर तेच आठवत होतं. तेव्हा काम टाकून तर येत नव्हते ना? बापाबद्दल असं मनात येतं, ताई, मला माझीच शिसारी येते."

ताईंनी तिच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. "रडतेस काय! चहा पी. संस्थेत अजून कुणाकुणाची नावं घेतात?"

दोघांची घेत होते. एक भांडार सांभाळणारे किल्लीमामा. चाळीस वर्षं फ्लॉप्या त्यांच्या कपाटात होत्या. दुसऱ्या प्रोफेसरबाई, आता निवृत्त. त्यांनी याच नोंदींवरून एक पुस्तक लिहिलं होतं, आणि लोक म्हणायचे, आपलंच पुस्तक एकमेव राहावं म्हणून बाईंनी मूळ नोंदी पुसल्या.

"लोक काय, हवेत गाठी मारतात," ताई म्हणाल्या. पण दोघांचेही पत्ते त्यांनी लिहून घेतले.

३

किल्लीमामांच्या कमरेला अजून जुडगा होता. चालले की आधी आवाज यायचा, मग मामा.

"माझा काय दोष?" ताईंनी तोंड उघडायच्या आतच मामा सुरू झाले. "कपाट थंड खोलीच्या मोटरजवळ आहे, हे मी ठेवलं का? त्या टायवाल्यानं लगेच शेरा मारला, मोटरच्या चुंबकानं पुसलं असेल म्हणून!"

"मोटरजवळच्या फ्लॉप्या जास्त बिघडल्यात का, मामा?"

"छे. खालची काय नि वरची काय, सगळ्या सारख्याच अर्ध्या."

मामांनी कपाट उघडलं. फ्लॉप्या संस्थेबाहेर न्यायची परवानगी नव्हती, तेव्हा ताईंनी तिथंच टेबलावर फडकं अंथरून एकेक बघितली. काय टापटीप! चिठ्ठीवरचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक फ्लॉपीच्या उजव्या कडेला काळी चिकटपट्टी, डाव्या कडेलाही तश्शीच काळी चिकटपट्टी, दोन्ही अगदी समोरासमोर.

"ही पट्टी कशाला?" मामांनी विचारलं.

"कडेला एक चौकोनी खाच असते. ती उघडी असेल तरच यंत्र फ्लॉपीवर लिहू शकतं. खाच झाकली की लिहिणं बंद, पुसणंही बंद. फ्लॉपीला कुलूप लावल्यासारखं."

"मग नानांनी दोन-दोन कुलपं लावलीत की! माणूस पहिल्यापासून भारी काळजीवाला." मामा हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? त्यांना काम करायला जीव तोडावा लागला. मागितल्या होत्या एकशेवीस फ्लॉप्या. आल्या साठ. तेव्हाचे साहेब कुणी काहीही मागो, निम्मंच मंजूर करायचे. मी म्हटलं, नाना, भांडा! तर म्हणाले, असू दे मामा, भागवून घेऊ."

ताईंचा हात फ्लॉपीवरच थांबला. एकशेवीसचं काम साठांत कसं भागवणार? निम्म्याच नोंदी करून?

४

प्रोफेसरबाईंनी ताईंना बसा सुद्धा म्हटलं नाही. कुंडीतली रोपं खुरपत होत्या, तशाच खुरपत राहिल्या.

"मी पुसल्या म्हणे! अहो, मला तेव्हा संगणक चालूसुद्धा करता यायचा नाही. मी नंबर सांगायची आणि नाना मला नोंद छापून द्यायचे."

"पुस्तकात एकवीस नंबरचा वाण आहे का हो, बाई?"

"नाही. पण तेहेतीस आहे, अडतीस आहे."

तेहेतीस आणि अडतीस! दोन्ही मुक्या बरण्या. म्हणजे त्या नोंदी एकेकाळी फ्लॉपीत होत्या.  होत्या, मग गेल्या कुठं?

"नाना तेव्हा नोंद काढून द्यायचे ते कुठल्या यंत्रावर?"

"एकच तर होतं. फ्लॉपी घालायला एकच फट. एका वेळी एक फ्लॉपी, आणि घरघर केवढी! ते कधीच भंगारात गेलं." बाईंनी खुरपं खाली ठेवलं आणि त्या पहिल्यांदाच ताईंकडं सरळ बघत म्हणाल्या, "नानांबद्दल माझी तक्रार एकच आहे. माझं कागदाला भोक पाडायचं पंचिंग मशीन त्यांनी दोन दिवसांसाठी म्हणून नेलं, ते आजतागायत परत दिलं नाही. खाली लाल रंगानं मी माझी खूण केली होती. संगणकावर काम करणाऱ्या माणसाला कागद पंच करायचे कशाला, तेच मला कळलं नाही."

५

बुधवारी ताई नानांच्या घरी गेल्या, लेकीची मैत्रीण म्हणून. जिभेला गाठ मारून घेतली होती. विचारायचं नाही म्हणजे नाही.

नाना खिडकीशी बसले होते. हडकलेले, पण डोळे लखलखीत. ताईंनी पिशवीतून मिठाईच्या दुकानाचं बिल काढून चुरगाळलं, तेवढ्यात नाना ओरडले, "अहो, हां हां! फेकू नका. पाठकोरं आहे ते!"

लेक कसंनुसं हसली. "झालं सुरू. आमच्या घरात एका बाजूनं लिहिलेला कागद आजवर कचऱ्यात गेला नाही, ताई. आम्ही शाळेत पाठकोऱ्यांवरच गणितं केली. लग्नपत्रिका, बिलं, जाहिराती, सगळ्यांच्या पाठी वापरल्या. मला काय लाज वाटायची!"

"कोरी बाजू टाकायची म्हणजे पाप आहे," नाना म्हणाले. "आणि तुला काय कमी पडलं? अर्ध्या कागदांत काम भागायचं. उरलेल्या वेळात फिरायला नेत होतो की नाही तुम्हाला?"

त्यांनी बिल सरळ केलं आणि टेबलावरच्या गठ्ठ्यात सारलं. गठ्ठा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक लोखंडी वस्तू ठेवली होती. कागदाला भोक पाडायचं जुनं, जाडजूड पंचिंग मशीन. ताईंनी ते सहज म्हणून उचललं आणि उलटं केलं. खाली लाल रंगाची खूण होती.

ताईंनी ओठ दाबून धरले. विचारायचं नाही, असा शब्द दिला होता. आणि आता विचारायची गरजही उरली नव्हती.

६

गुरुवारी अकराच्या बैठकीला ताई एक पेटी घेऊन आल्या. आत त्यांच्या फळीवरचा सगळ्यात जुना फ्लॉपी-ड्राइव्ह होता, नानांच्या काळातला. टायवाला तंत्रज्ञ तो बघून गालातल्या गालात हसला.

"हसा," ताई म्हणाल्या. "आधी चोर शोधू. वयानं फ्लॉप्या गेल्या असत्या तर एखादी पूर्ण गेली असती आणि एखादी पूर्ण वाचली असती. बुरशी काय मोजून खाते? मामांच्या मोटरचं काम असतं तर जवळच्या बिघडल्या असत्या, लांबच्या वाचल्या असत्या. प्रोफेसरबाईंना पुसायचं असतं तर त्यांच्या पुस्तकातले वाण पुसले असते, प्रत्येक फ्लॉपीतले शेवटचे वीस कशाला?"

"म्हणजे नानाच," संचालक खिन्नपणे म्हणाले.

"नानांनी कामचुकारपणा केला असता तर शेवटच्या तीस फ्लॉप्या रिकाम्या निघाल्या असत्या. आळशी माणूस एकदा कंटाळतो आणि थांबतो. तो साठ वेळा नेमानं बरोबर अर्ध्यावर कंटाळून पुन्हा कामाला लागत नाही. आणि मुक्या बरण्यांपैकी तेहेतीस आणि अडतीसच्या नोंदी बाईंनी छापील बघितल्यात."

"मग नोंदी चोरल्या कुणी?"

"कुणीच नाही. हे बघा." ताईंनी पहिली फ्लॉपी हातात धरली. "उजवीकडं खाच असते, म्हणून तिथं पट्टी. डावीकडं कारखान्यातून खाच येतच नाही. मग तिथं पट्टी कशाला? मामा म्हणाले, नानांनी दोन कुलपं लावली. पण मामा, तुम्ही भिंतीला कुलूप लावता का हो?"

"भिंतीला कशाला लावेन?"

"कुलूप तिथंच, जिथं दार आहे."

त्यांनी नखानं डावी पट्टी सोलली. खाली खाच होती, कारखान्यातल्यासारखी चौकोनी नव्हे. अर्धगोल, पंचिंग मशीननं पाडल्यासारखी. लेकीच्या हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर पडला.

"जुनं यंत्र एकडोळं. एकच बाजू वाचायचं," ताई म्हणाल्या. "एकशेवीस मागितल्या, साठ मिळाल्या. नाना काय करणार? ज्याला पाठकोरा कागद फेकवत नाही, तो पाठकोरी फ्लॉपी सोडेल? त्यांनी दुसऱ्या कडेला खाच पाडली, फ्लॉपी उलटी घातली आणि पाठीवर पुढच्या वीस नोंदी लिहिल्या."

"पण माझं यंत्र दोन्ही बाजू वाचतं!" टायवाला उसळला. "दुसरी बाजू कोरी दाखवली त्यानं."

"वाचतं, पण फ्लॉपी एकाच दिशेनं फिरवून. उलटवून लिहिलेलं त्याला शेवटाकडून सुरुवातीकडं पळताना दिसतं. ते गोंधळतं आणि कोरी म्हणून मोकळं होतं. तुमचं यंत्र फार शहाणं आहे, हाच घोटाळा झाला."

ताईंनी फ्लॉपी उलटी करून एकडोळ्या ड्राइव्हमध्ये सारली. घरघर झाली. पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा घरघर, पुन्हा काही नाही. टायवाल्यानं घड्याळात बघितलं.

"थांबा हो! चाळीस वर्षांची पाठ आहे, धूळ बसणारच." ताईंनी फ्लॉपी काढली, तिच्या फटीतून दिसणारी तबकडी ओल्या मऊ कापसानं फिरवत फिरवत पुसली, वाळू दिली, यंत्राचं वाचणारं टोकही पुसलं. सगळी खोली त्या कापसाकडं बघत होती. मग पुन्हा फ्लॉपी आत गेली.

अक्षरं आली. लेकीनं ती मोठ्यानं वाचली. "नोंद एकवीस. घेवडा, जांभळे टिपके. खडकाळ जमीन चालते. पाणी दोनदाच. कीड धरत नाही. देणारी म्हणाली, माझ्या सासूनं जपलं, मी जपलं, आता तुम्ही जपा."

 मग किल्लीमामांनी सरळ बाहेर जाऊन नानांचा फोटो सदऱ्यानं पुसला.

संध्याकाळपर्यंत वीस बरण्या बोलत्या झाल्या. ताईंनी संचालकांना दम भरला, तो असा: "आता तीन ठिकाणी तीन प्रती ठेवा, आणि दर पाच वर्षांनी नव्या जागी उतरवा. कपाटात ठेवलं म्हणजे जपलं, असं होत नाही. आणि कुणी कसं लिहिलं, तेही शेजारी लिहून ठेवा."

संचालकांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

७

शेवटी नानांना सांगायला सगळी वरातच गेली. संचालक, मामा, पंचिंग मशीन न्यायला आलेल्या प्रोफेसरबाई. लेक सगळ्यात मागं, हातात बरणी नंबर एकवीस.

संचालकांनी घसा साफ केला. "नाना, जपून ऐका. फ्लॉप्या वाचताना एक अडचण आली होती. पहिलीत एक ते वीस निघाल्या, पण एकवीसपासून पुढं..."

"अहो, मग उलटी घाला की!" नाना म्हणाले.

ताई भिंतीला टेकून हसत सुटल्या. मामा हसले, बाई हसल्या, संचालकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नानांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा ते चिडले.

"चार दिवस डोकी फोडलीत आणि मी इथं खिडकीत माशा मारत बसलोय! एका शब्दानं विचारायचं नाही?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाना," लेक म्हणाली.

"डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलंय. बोलू नका असं कधी सांगितलं?" मग त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "तुला काय वाटलं गं? मी सही खोटी केली?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. इतके दिवस खोटं बोलून तिला त्याची सवयही झाली होती.

"वाटलं, नाना," ती म्हणाली. "एक रात्र वाटलं. मला माफ करा."

 नानांनी बरणी मागून घेतली, प्रकाशात धरून आतले टिपके बघितले. मग गळ्यातली 'नोंद नाही'ची चिठ्ठी त्यांच्या बोटाला लागली.

"अशा किती छापल्यात?"

"बाराशे. उद्या टाकून देणार आहे सगळ्या."

"टाकून देणार?" नाना खुर्चीतून अर्धे उठलेच. "अगं, पाठकोऱ्या आहेत त्या! एवढं शिकवून तुझ्या डोक्यात काही राहिलंच नाही. आण इकडं. पेन दे."

तिनं चिठ्ठी उलटी केली आणि त्यांच्यापुढं धरून ठेवली. त्यांनी सावकाश लिहिलं: एकवीस, घेवडा, पाणी दोनदाच. मग थोडी जागा उरली होती, तिथं लिहिलं: देणारीची सासू.

शुक्रवारी सकाळी लेकीनं ती बरणी थंड खोलीत पहिल्या फळीवर ठेवली आणि नानांचं अक्षर पुढं येईल अशी गाठ मारली. मग उरलेल्या चिठ्ठ्या पिशवीत भरून ती घरी घेऊन गेली, नानांकडं लिहायला.